तुरुंगातल्या माणसाचं जेवण, राहणं आणि औषधपाणी : खर्च कोणाचा, आणि तो मिळवायचा कसा

घरातलं कोणी तुरुंगात गेलं की पहिल्याच आठवड्यात पैशांचे प्रश्न सुरू होतात. कोणी सांगतं, आत जेवणाचे पैसे भरावे लागतात. कोणी सांगतं, गोळ्या घरूनच पुरवाव्या लागतील. कोणी ‘आतली सोय करून देतो’ म्हणून हात पुढे करतं. घाबरलेलं घर मागतील ते देत सुटतं. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो : बंदी, म्हणजे कैदी, कच्चा (खटला चालू असलेला) असो की पक्का (शिक्षा लागलेला), त्याला ठेवण्याचा, खाऊ घालण्याचा आणि त्याच्यावर उपचार करण्याचा खर्च राज्य सरकारचा आहे. याला अपवाद मोजके आहेत आणि ते पुढे एकेक करून येतील.

तुरुंग हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीमध्ये, नोंद ४ मध्ये येतो. महाराष्ट्रात तो गृह विभागाकडे आहे. तुरुंग तुमच्या तालुक्यात असला तरी नगरपालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा त्या खर्चाशी संबंध नाही, त्यामुळे तिथे खेटे घालू नका. १८९४ च्या तुरुंग कायद्यात कलम ४ नुसार निवाऱ्याची जबाबदारी सरकारवर आहे आणि कलम ३९ नुसार प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजारी बंद्यांसाठी योग्य जागा असायलाच हवी. केंद्राने २०२३ मध्ये नमुना कायदा काढल्यापासून राज्यांचे नवे तुरुंग कायदे येत आहेत. त्यामुळे अर्जात कलमाचा आकडा घालण्याआधी सध्याचा क्रमांक वकिलाकडून तपासून घ्या. कलम चुकलं म्हणून हक्क जात नाही, पण अर्ज परत पाठवायला निमित्त मिळतं.

१. तुमचा माणूस नेमका कोणत्या कोठडीत आहे?

सगळं यावर ठरतं, कारण दाद मागायचं ठिकाण यानुसार बदलतं.

पोलीस कोठडी : माणूस पोलिसांच्या ताब्यात असतो. त्याच्या प्रकृतीची आणि सुरक्षिततेची काळजी घेणं हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचं काम आहे (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५६). सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानुसार या काळात दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी.

न्यायालयीन कोठडी : बोलीभाषेत एमसीआर. माणूस तुरुंगात, पण खटला चालू. हा न्यायाधीन किंवा ‘कच्चा’ बंदी. अर्ज ज्या कोर्टात खटला आहे तिथे.

शिक्षाबंदी : शिक्षा लागलेला, ‘पक्का’. इथे फार घरं चुकतात. शिक्षा सुनावणाऱ्या सत्र न्यायालयातच उपचारांचा अर्ज देतात आणि दोन तारखा वाया घालवून परत येतात. त्या कोर्टाचं काम निकालाबरोबर संपलेलं असतं. अपील दाखल असेल तर अपील कोर्टात जा. नसेल तर उच्च न्यायालयात रिट.

दिवाणी बंदी : दिवाणी दाव्यात कोर्टाने दिलेल्या पैसे फेडण्याच्या हुकूमनाम्यापोटी अटकेत असलेला. याचा खर्च वेगळ्याच माणसाच्या खिशातून जातो. पायरी ७ पाहा.

२. एक फाईल तयार करा

मुलाकातीच्या रांगेत उभं राहण्याआधी हे कागद एकत्र करा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स.

– बंदी क्रमांक, खटल्याचा क्रमांक, कोर्टाचं नाव आणि अक्षरं आणि अंक मिळून सोळा खुणांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक (ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मिळतो)
– तुमचं आधार कार्ड आणि नात्याचा पुरावा, शिधापत्रिका चालते
– बंद्याचे जुने वैद्यकीय कागद : शेवटची चिठ्ठी, रक्त-लघवीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड
– क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक). एचआयव्हीचे असतील तर एआरटी केंद्राचं कार्ड
– ‘माझे वैद्यकीय कागद अमुक नातेवाइकाला द्यावेत’ असं बंद्याच्या सहीचं संमतिपत्र, अधीक्षकांमार्फत

शेवटचा कागद बहुतेक जण करत नाहीत आणि नंतर अडतात. वैद्यकीय नोंद ही त्या माणसाची खासगी माहिती आहे. संमती नसेल तर कार्यालय रास्तपणे नकार देऊ शकतं. वकालतनाम्यावर सही घ्यायला वकील आत कागद पाठवतात, त्याच वेळी हेही सही करून घ्या.

३. पहिल्या दोन दिवसांत आजार नोंदवून घ्या

तुरुंगात दाखल होताना प्रत्येकाची तपासणी होते आणि जखमा, आजार लिहून घेतले जातात. ही नोंद पुढच्या सगळ्या भांडणाचा पाया आहे. दमलेला, भेदरलेला माणूस तिथे ‘काही त्रास नाही’ म्हणून मोकळा होतो. मग महिन्याभराने बाहेरच्या डॉक्टरांची गरज पडली की नोंदीत आजारच नसतो.

म्हणून दाखल झाल्यावर लगेच अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या आणि एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी जोडा. ‘वडिलांना शुगर आहे, कृपया लक्ष द्यावे’ असं लिहून काहीही होत नाही. अर्ज असा असू द्या :

‘बंदी क्र. ___ यांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात : सकाळी १६ युनिट, रात्री १० युनिट, जेवणाआधी. दि. ___ च्या मुलाकातीत त्यांनी तीन दिवस इन्सुलिन मिळाले नसल्याचे सांगितले. चिठ्ठी व अहवाल जोडले आहेत. तरी (१) वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी व्हावी, (२) इन्सुलिन शासकीय साठ्यातून सुरू करावे, (३) वैद्यकीय आहार लिहून द्यावा, (४) झालेली कार्यवाही लेखी कळवावी.’

औषधाचं नाव कंपनीचं लिहू नका, मूळ औषधाचं लिहा. सरकारी साठ्यात दुसऱ्या कंपनीची तीच गोळी असते आणि नाव जुळत नाही म्हणून ‘उपलब्ध नाही’ असा शेरा बसतो. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते, तेव्हा ती कुठे ठेवली जाणार हे अर्जातच विचारा. बराकीत पिशवीत राहिलेल्या इन्सुलिनचा भरवसा नाही.

अर्जाच्या तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. खिडकीवर पोच मिळाली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाईलला लावा. तोंडी विनंतीला कोर्टात किंमत नाही.

क्षयरोग आणि एचआयव्हीची औषधं राष्ट्रीय कार्यक्रमांतून मोफत आहेत, तुरुंगातही. इथला धोका पैशांचा नसून खंड पडण्याचा आहे. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो; मध्ये तुरुंग बदलला, नोंद मागे राहिली आणि आठ-पंधरा दिवस गोळ्या चुकल्या तर औषधाला दाद न देणारा क्षय होण्याची भीती असते. बदलीची कुणकुण लागली की निक्षय क्रमांकासह दोन्ही तुरुंगांच्या अधीक्षकांना अर्ज पाठवा.

मानसिक आजाराबाबत स्वतंत्र कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार अशा बंद्याला तुरुंगाच्या वैद्यकीय विभागातल्या मनोरुग्ण कक्षात, आणि तो नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या परवानगीने बाहेरच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवता येतं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. माणूस मुलाकातीत बोलेनासा झाला, ओळख दाखवेनासा झाला तर ‘आत गेल्यावर होतंच असं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी लेखी द्या.

आईबरोबर आत असलेल्या मुलांचा खर्चही सरकारचाच. आर. डी. उपाध्याय खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईजवळ ठेवण्याची मुभा दिली आणि त्यांचं अन्न, कपडे, औषधोपचार हा हक्क ठरवला. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावं, असंही त्यात आहे.

४. जेवण, कपडे आणि कॅन्टीनचे पैसे

दोन वेळचं जेवण, नाश्ता, अंथरूण-पांघरूण यांचे पैसे कोणाकडूनही घेतले जात नाहीत. कोणी मागितले तर ती लाच आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

कच्च्या बंद्याला स्वतःच्या खर्चाने बाहेरचं अन्न, कपडे, अंथरूण घेण्याची मुभा १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे, मात्र तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. प्रत्यक्षात घरच्या डब्यासाठी कोर्टाचा आदेश मागितला जातो आणि तो बहुधा वैद्यकीय कारणावरच मिळतो. असं अन्न, कपडे किंवा अंथरूण दुसऱ्या बंद्याला देणं, विकणं किंवा भाड्याने देणं मना आहे. सापडल्यास सवलत जाते. शिक्षाबंदीला ही मुभा नाही. पथ्याचं जेवण हवं असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहून दिलेला वैद्यकीय आहार हा त्याच्यासाठी मार्ग आहे आणि तो फुकट आहे.

बंद्याच्या नावे पाठवलेले पैसे त्याच्या खासगी रोख खात्यात जमा होतात आणि त्यातून तो तुरुंगाच्या कॅन्टीनमध्ये साबण, बिस्किटं, पोस्टाची पाकिटं घेतो. महिन्याची मर्यादा वेळोवेळी बदलते; ती मुलाकात खिडकीवर विचारा. पैसे कार्यालयाने सांगितलेल्या मार्गानेच पाठवा. ‘माझ्या मोबाइलवर टाका, मी आत पोचवतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

५. बाहेरच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं असेल तर

मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, जिल्ह्याच्या गावी सिव्हिल. इथला उपचार, तपासण्या, शस्त्रक्रिया यांचा भार सरकारवर. रुग्णालयात औषध संपलं म्हणून चिठ्ठी तुमच्या हातात आली, तर माणसाचा जीव महत्त्वाचा, औषध आणाच. पण चिठ्ठीवर ‘साठ्यात उपलब्ध नाही’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि पक्कं बिल सांभाळा. या दोन कागदांवरच पुढे परतफेड मागता येते.

खरी अडचण पैशांची नसते, पोचण्याची असते. बराकीपासून रुग्णालयापर्यंत चार थांबे आहेत :

– बंद्याने किंवा बराकीवरच्या कर्मचाऱ्याने तक्रार कळवणं
– वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून बाहेर पाठवण्याची शिफारस लिहिणं
– अधीक्षक कार्यालयाने पोलीस मुख्यालयाकडे गार्ड मागणं
– गार्ड आणि गाडी येणं

बहुतेक वेळा गाडं चौथ्या थांब्यावर अडतं. शिफारस झालेली असते, तारीख घेतलेली असते, आणि त्या दिवशी गार्ड निवडणुकीच्या, मोर्च्याच्या किंवा सणाच्या बंदोबस्ताला गेलेला असतो. तारीख हुकते. महिन्याने पुढची मिळते, तीही हुकते. घरचे तुरुंगाच्या डॉक्टरांवर चिडतात, ज्यांनी आपलं काम केव्हाच केलेलं असतं.

म्हणून आधी शोधा की प्रकरण कुठल्या थांब्यावर आहे. मुलाकातीत बंद्याला सरळ विचारा : डॉक्टरांनी लिहून दिलं का? किती तारखा झाल्या? गार्ड नाही म्हणून किती गेल्या? मग कोर्टात अर्ज करताना निर्देश दोघांना मागा, तुरुंग अधीक्षकांना आणि पोलीस आयुक्तांना किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांना. गार्ड तुरुंगाच्या हातात नसतो. फक्त अधीक्षकांविरुद्ध आदेश घेतला तर ते खरं तेच उत्तर देतात, ‘गार्ड मिळाला नाही’, आणि तुम्ही पुन्हा सुरुवातीला येता.

कच्च्या बंद्याला आता बहुतेकदा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर हजर केलं जातं. तिथे त्याने स्वतः न्यायाधीशांना त्रास सांगावा आणि वकिलांनी ते रोजनाम्यात नोंदवून घ्यावं. यासाठी वेगळा अर्ज लागत नाही, फीही लागत नाही. ‘साहेब, बरा आहे’ म्हणायची सवय मात्र मोडावी लागते. हे मुलाकातीत त्याला दोनदा सांगा.

माहिती दडवली जात असेल तर माहितीचा अधिकार वापरा. जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जाच्या वर ठळक अक्षरांत ‘जीविताशी संबंधित, कलम ७(१)’ लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पायरी २ मधलं संमतिपत्र जोडा.

६. खासगी रुग्णालय : आदेशातली एक ओळ

सरकारी रुग्णालयात सोय नसेल तर कोर्ट खासगी रुग्णालयाची परवानगी देऊ शकतं. पैसे कोणी द्यायचे हे कोर्टाच्या आदेशातली एक ओळ ठरवते. एल्गार परिषद या एकाच खटल्यातले मुंबई उच्च न्यायालयाचे दोन आदेश शेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये वरवरा राव यांना तळोजा तुरुंगातून नानावटी रुग्णालयात हलवलं गेलं आणि खर्च राज्याने करायचा होता. मे २०२१ मध्ये स्टॅन स्वामी यांना त्याच तुरुंगातून होली फॅमिली रुग्णालयात हलवलं गेलं, तिथला खर्च त्यांच्या बाजूने करायचा होता. दोघंही वृद्ध, दोघंही गंभीर आजारी, दोघंही कच्चे बंदी.

म्हणून अर्जाच्या विनंतीत ‘खासगी रुग्णालयात दाखल करावे’ एवढंच लिहून थांबू नका. दोन मागण्या स्वतंत्र लिहा : पहिली, उपचार शासनाच्या खर्चाने व्हावेत, कारण शासकीय रुग्णालयात अमुक सोय नाही (त्याचं पत्र जोडा). दुसरी, ते मान्य नसल्यास आमच्या खर्चाने परवानगी द्यावी. घाईत वकील बहुधा दुसरीच लिहितात, कारण ती चटकन मान्य होते. ती एकटी लिहिली की सरकारची जबाबदारी तुम्ही स्वतःहून माफ केल्यासारखं होतं.

पोलीस बंदोबस्ताच्या खर्चाकडेही लक्ष ठेवा. त्याच खटल्यातले आरोपी गौतम नवलखा यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नजरकैदेत ठेवायला परवानगी दिली तेव्हा बंदोबस्तापोटी २ लाख ४० हजार रुपये आधी भरायला लावले. एप्रिल २०२४ मध्ये तपास यंत्रणेने न्यायालयात १ कोटी ६४ लाखांची थकबाकी सांगितली. बंदोबस्ताचा खर्च तुमच्यावर टाकणारी अट आदेशात येत असेल तर सुनावणीतच आकडा किंवा कमाल मर्यादा मागून घ्या.

७. दिवाणी कैद : इथे सावकार पैसे भरतो

पैशांच्या हुकूमनाम्यात ऋणकोला अटक होते तेव्हा त्याचा निर्वाहभत्ता हुकूमनामा मिळालेल्याने, म्हणजे धनकोने, भरायचा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३९ नुसार तो दर महिन्याची १ तारीख येण्याआधी आगाऊ जमा व्हायला हवा. पहिला हप्ता कोर्टात, नंतरचे दिवाणी तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे. भरला नाही तर माणसाला सोडावं लागतं. तेव्हा दर १ तारखेला चौकशी करा.

आणखी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. रक्कम २,००० रुपयांपर्यंत असेल तर कैद नाहीच. ५,००० पर्यंत जास्तीत जास्त सहा आठवडे, त्यापुढे जास्तीत जास्त तीन महिने. पैशांच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही. धनकोने भरलेला भत्ता दाव्याच्या खर्चात धरला जातो, मात्र तेवढ्या रकमेसाठी पुन्हा अटक करता येत नाही. धनकोने मागणी झाल्यापासून ४८ तासांत कपडे-अंथरुणाचा खर्च भरला नाही तरीही सुटका होऊ शकते (तुरुंग कायदा, कलम ३३).

८. दंड, जामिनाची रक्कम, मजुरी

जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी माणूस आत राहतो, किंवा शिक्षा संपूनही दंडाच्या बदल्यातली कैद भोगत राहतो. यासाठी केंद्राची गरीब कैद्यांना सहाय्य देणारी योजना आहे. २०२३ च्या मूळ कार्यपद्धतीत कच्च्या बंद्याच्या जामिनासाठी ४०,००० आणि शिक्षाबंदीच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. सध्याची मर्यादा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणांना ती लागू नाही. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने प्राधिकरणाला कळवायचं असतं. आठव्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन ते कळवलंय का पाहा. दंड भरला की त्याच्या बदल्यातली कैद तिथेच संपते, काही भाग भरला तर त्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे अर्धे पैसे जमले असतील तरी वाट पाहत बसू नका.

सक्तमजुरीच्या बंद्याला कामाची मजुरी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मजुरी रास्त असावी असं सांगतानाच त्यातून अन्न-वस्त्राचा खर्च वजा करायला आणि काही भाग पीडितांसाठी बाजूला काढायला मान्यता दिली. हातात कमी पडतात त्यामागे हे कारण असू शकतं. तेव्हा हिशोब मागा. येरवड्यात १ मे २०२२ पासून राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू झाली : शिक्षाबंदीला घरच्या गरजेसाठी ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत, परतफेड मजुरीतून. घरच्यांच्या आजारपणात सावकाराकडे जाण्याआधी हे विचारून पाहा.

वकिलाची फी परवडत नसेल तर लाजू नका. कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२). क्रमांक १५१००.

९. सुटकेच्या दिवशी

गंभीर आजार चालू असताना बंद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध बाहेर काढता येत नाही. वैद्यकीय अधिकारी धोका नाही म्हणेपर्यंत सरकारी उपचार चालू ठेवायला सांगता येतं (तुरुंग कायदा, कलम २६). रुग्णालयात खाटेवर असताना ‘तुमचा जामीन झाला, आता बिल तुमचं’ असं ऐकवलं गेलं तर हे कलम दाखवा.

घरी निघताना पाच गोष्टी मागून घ्या : उपचारांचा सारांश, चालू औषधांची चिठ्ठी, सगळे अहवाल, निक्षय किंवा एआरटीचं बदलीपत्र, आणि खासगी रोख खात्यातली शिल्लक. निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या सोबत द्या, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सुटका संध्याकाळी होते, तोवर दवाखाना बंद झालेला असतो.